गाडीच्या काचेला फिल्म: स्वतः लावावी की लावून घ्यावी?

आपल्या मंडळाच्या मागच्या सभेत संपादक म्हणाले, "कविता भरपूर आल्यात. आता कुणीतरी उपयोगाचं काही लिहा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंडळात भौतिकशास्त्राची मी एकटीच, हे एक कारण. दुसरं कारण असं की, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आमच्या गाडीच्या काचांचं काय करून ठेवलं, ही गोष्ट तोवर कॉलेजच्या गेटपर्यंत पोचली होती. तर मित्रमैत्रिणींनो, हसून झालं असेल तर ती गोष्ट आता नीट सांगते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुनी गाडी असेल आणि "इंटरनेटवरून रोल मागवू, घरीच लावू" असा विचार चालला असेल, तर त्याआधी हे वाचा.

आमच्या आईला ल्यूपस आहे. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, आणि पुष्कळ रुग्णांना ऊन अजिबात सोसत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेवर चट्टे येतात, आणि कधी कधी तेवढ्यावर न थांबता आजारच पुन्हा डोकं वर काढतो. तपासणीसाठी आम्ही दर महिन्याला बेळगावहून हुबळीला जातो. बाबा गाडी चालवतात, आई त्यांच्या शेजारी, डावीकडे. सकाळी निघतो तेव्हा गाडीचं तोंड साधारण आग्नेयेला असतं आणि सूर्य पूर्वेला, म्हणजे ऊन डावीकडून. दुपार टळल्यावर परततो तेव्हा गाडीचं तोंड वायव्येला आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे ऊन पुन्हा डावीकडूनच. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा ऊन आईच्याच खिडकीत. बिचारी मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज, वर ओढणी आणि हातमोजे घालून बसायची.

मला वाटलं, काच काळी केली की प्रश्न मिटला.

काच काय अडवते आणि काय नाही

आधी थोडं विज्ञान, कारण हे मला आधी सुचलं असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

जमिनीपर्यंत पोचणाऱ्या उन्हाची ऊर्जा तीन भागांत वाटलेली असते. साधारण निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांची, तिच्याहून थोडी कमी दिसणाऱ्या प्रकाशाची, आणि उरलेली चारपाच टक्के अतिनील किरणांची. त्वचेला भाजणारे जे 'बी' प्रकारचे अतिनील किरण, ते साधी काच बहुतांशी अडवते. म्हणून गाडीत बसून आपण समुद्रकिनाऱ्यावर भाजतो तसे भाजत नाही. पण 'ए' प्रकारचे अतिनील किरण, म्हणजे ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे, साध्या काचेतून बऱ्यापैकी आत येतात. ते त्वचेत खोलवर जातात, आणि आत येताना चटकाही देत नाहीत.

गाडीच्या सगळ्या काचा एकसारख्या नसतात. समोरची काच लॅमिनेटेड असते. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा एक पातळ थर असतो आणि तो थर जवळजवळ सगळे अतिनील किरण गिळतो. दारांच्या काचा मात्र बहुतेक गाड्यांत टफन ग्लासच्या, म्हणजे एकेरी. त्यांच्यात असा थर नसतो. म्हणून माणूस समोरच्या उन्हाला घाबरतो आणि खरा मार मात्र बाजूनं बसतो.

२०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. वय ६९, ट्रक चालवण्याची वर्षं २८. चेहऱ्याची उजवी बाजू वयाप्रमाणे, आणि डावी बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली, जाड पडलेली. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणजे खिडकी त्याच्या डाव्या बाजूला. एकाच चेहऱ्यावर काचेचा हिशेब मांडलेला होता. आमच्याकडे ती डावी बाजू आईची.

आता यातली कळीची गोष्ट. काचेचा काळेपणा दिसणाऱ्या प्रकाशाबद्दल सांगतो. अतिनील किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. मग काच काळी दिसली म्हणून ते अडले, असं कसं म्हणणार? फिल्ममध्ये अतिनील किरण शोषणारं द्रव्य वेगळं घालावं लागतं. ते घातलेली फिल्म जवळजवळ पारदर्शकही असू शकते, आणि न घातलेली फिल्म कोळशासारखी काळी असू शकते. उष्णतेचंही थोडंफार तसंच आहे. रंगवलेली स्वस्त फिल्म ऊन शोषून स्वतः तापते आणि त्यातली बरीच उष्णता आत सोडते. सिरॅमिक फिल्म फिकी असूनही अवरक्त किरण जास्त अडवते. धातूचा थर असलेली फिल्म उष्णता चांगली थोपवते, पण मोबाईल आणि जीपीएसच्या लहरींना अडथळा करू शकते. ती समोरच्या काचेवर फास्टॅगच्या आड आली तर हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत बसावं लागेल.

हे सगळं मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. रोल मागवताना मात्र आठवलं नाही.

माझा स्वतःचा प्रयोग

एप्रिलच्या शेवटी मी ६९९ रुपयांचा काळा रोल मागवला. रबरी पट्टी, कटर आणि फवारणीची बाटली मिळून आणखी अडीचशे. एकूण साडेनऊशे रुपये. चौकशी केली तेव्हा दुकानात चार दारांच्या काचांचे ४,८०० सांगितले होते. म्हणजे जवळजवळ चार हजार वाचले, असा माझा हिशेब.

कृती ऐकायला सोपी आहे. काच साबणाच्या पाण्यानं धुवायची, धारदार पात्यानं खरवडून पुन्हा धुवायची. फिल्म काचेच्या बाहेरून लावून अंदाजानं थोडी मोठी कापायची. मग आतली बाजू ओली करायची, फिल्मच्या मागचा पारदर्शक कागद सोडवत गोंदाच्या बाजूवरही पाणी फवारायचं. पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे दोन-चार थेंब टाकायचे, म्हणजे फिल्म काचेवर सरकते आणि जागेवर बसवता येते. मग रबरी पट्टीनं मधून कडेकडे पाणी रेटत न्यायचं. वरच्या कडेला एक-दोन मिलिमीटर जागा सोडायची, नाहीतर काच वर-खाली होताना फिल्मची कड उचकटते. पुढचे तीन-चार दिवस काच खाली करायची नाही. आत राहिलेलं पाणी हळूहळू उडून जातं, तोवर काच थोडी दुधट दिसते, ते साहजिक आहे.

आता प्रत्यक्षात काय झालं ते सांगते. आमची गाडी उघड्यावर उभी असते. वारा होता आणि शेजारी बांधकाम चालू होतं. मागचा कागद सोडवला की फिल्मवर स्थिर वीज तयार होते आणि ती धूळ ओढून घेते. धुळीचा एकेक कण म्हणजे एकेक फुगा. पाण्याचा फुगा दोन दिवसांत जातो, धुळीचा फुगा कायमचा मुक्कामाला येतो. पहिल्या दारावर मी एकवीस मोजले आणि मोजणं सोडून दिलं.

मागची काच आणखी वेगळी. ती दोन दिशांनी वळलेली असते. सपाट फिल्म वळलेल्या काचेवर बसवायची तर हीट गननं ती बाहेरच्या बाजूनं आधी आकसून घ्यावी लागते. फिल्म एकाच दिशेनं नीट आकसते, हे मला माहीत नव्हतं, आणि हीट गनऐवजी माझ्याकडे ताईचा हेअर ड्रायर होता. शेवटी मी फिल्मच्या तीन पट्ट्या करून जोड देत लावल्या. काचेच्या कडेला जे काळे ठिपके असतात त्यांच्यावर फिल्म चिकटतच नाही, तिथे एक पांढरट चौकट राहिली. बाबा संध्याकाळी घरी आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "बरं झालंय की." आमच्या बाबांचं 'बरं झालंय की' म्हणजे काय, ते आमच्या घरातल्यांनाच कळतं.

पण आई खूश होती. तिनं पहिल्याच फेरीत हातमोजे काढले, ओढणी खांद्यावर घेतली. "आता किती गार वाटतंय बघ," म्हणाली. दुसऱ्या फेरीलाही तसंच. त्या दुसऱ्या फेरीनंतर तीन दिवसांनी तिच्या डाव्या गालावर आणि डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत लाल चट्टे उठले. उजवा हात स्वच्छ. डॉक्टरांनी फोटो मागवला आणि एकच प्रश्न विचारला, "उन्हात बसला होता का?" आई म्हणाली, "नाही हो, काळ्या काचेआड बसले होते."

तो फोन चालू असताना मी शेजारी उभी होते. काय वाटलं, ते इथे लिहीत नाही.

नोटेचा प्रयोग

दुसऱ्या दिवशी उरलेल्या फिल्मचा तुकडा घेऊन मी एका ओळखीच्या दुकानात गेले. खोट्या नोटा ओळखायला त्यांच्याकडे अतिनील दिवा असतो. आपल्या नोटेवरचे क्रमांक आणि तिच्यातले बारीक धागे त्या दिव्याखाली चमकतात. नोट आणि दिवा यांच्यामध्ये मी माझी काळी फिल्म धरली. चमक थोडी फिकी झाली, पण दिसतच राहिली. म्हणजे दिव्याचे किरण त्या काळ्या पडद्यातून आरपार जात होते. रोलच्या वेष्टनावर काळेपणाची टक्केवारी मोठ्या अक्षरांत छापली होती, अतिनील किरणांबद्दल एक अक्षर नव्हतं.

हा प्रयोग तुम्हीही करू शकता. कुठलीही फिल्म घेण्याआधी तिचा छोटा नमुना मागा आणि असा धरून बघा. हा काही प्रयोगशाळेचा दाखला नव्हे, पण शुद्ध फसवणूक असेल तर एवढ्यानं उघडी पडते.

टक्केवारीचा गुणाकार

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि दुसरी बाजू दिसली. एका रात्री खानापूर रोडवर बाबा गाडी डावीकडे वळवत होते. पाऊस होता आणि दिवे गेले होते. डाव्या खिडकीतून आरसा दिसेना. सायकलवरचा माणूस गाडीच्या पत्र्यावर हात मारून ओरडला, तेव्हाच तो तिथे आहे हे कळलं. त्याला काही लागलं नाही. बाबा खाली उतरून त्याची माफी मागून आले, आणि घरी येईपर्यंत आम्ही कुणी बोललो नाही.

माझ्या रोलवर ३५ टक्के असं लिहिलं होतं. म्हणजे त्या फिल्ममधून ३५ टक्के दृश्य प्रकाश आत येतो. मला वाटत होतं, काचेतूनही ३५ टक्केच येत असणार. पण काच स्वतः काही पूर्ण पारदर्शक नसते. आमच्या दारांच्या काचांची पारदर्शकता नंतर यंत्रानं मोजली, ती ७६ टक्के निघाली. आता गुणाकार करा: ०.७६ गुणिले ०.३५ म्हणजे ०.२६६. फिल्म लावलेल्या काचेवर यंत्रानं २६ दाखवलं. म्हणजे रात्रीचा जो काही उजेड होता, त्यातला पाव हिस्साच बाबांपर्यंत पोचत होता.

हा गुणाकार लक्षात ठेवा, पुढे कायद्यातही तोच लागतो. ७६ टक्क्यांच्या काचेवर ५० टक्क्यांची फिल्म लावली तर ३८ होतात. ७० टक्क्यांची लावली तर ५३.

कायदा काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम क्रमांक १०० सांगतो की, समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आत आला पाहिजे. आधी लोक याचा अर्थ असा लावत की, या मर्यादेत राहून फिल्म चिकटवली तरी चालेल. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर निकाल दिला. कारखान्यातून येणारी काचच तेवढी फिकी किंवा गडद असू शकते, वरून कुठलीही काळी फिल्म किंवा दुसरं काही चिकटवायचं नाही, मग टक्केवारी काहीही असो. ४ मे २०१२ पासून हे देशभर लागू झालं. काळ्या काचांच्या गाड्यांतून होणारे गुन्हे हा त्या प्रकरणातला मोठा मुद्दा होता. सवलत राहिली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांच्या गाड्यांना.

त्यानंतर नियम बदलला. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं नियमात 'सेफ्टी ग्लास'च्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' हा शब्द आला, आणि आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा थर असलेली काच त्यात बसते. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं या बदललेल्या नियमाचा अर्थ लावला. ७० आणि ५० ची मर्यादा पाळणारं आणि ठरलेल्या मानकाचं ग्लेझिंग वापरायला हरकत नाही, आणि हा हक्क फक्त गाडी बनवणाऱ्या कंपनीचाच आहे असं नाही, असं त्या न्यायालयानं म्हटलं.

यावरून "आता फिल्म चालते" असा सरसकट अर्थ काढू नका. केरळ उच्च न्यायालयाचा निकाल कर्नाटकात, महाराष्ट्रात किंवा गोव्यात बंधनकारक नाही. तो फार तर युक्तिवादासाठी पुढे करता येतो. रस्त्यावरच्या ट्रॅफिक हवालदाराला २०१२ चा निकाल पाठ असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वर फिल्म तिथल्या तिथे फाडून काढायला लावतात, ते वेगळंच. माझी २६ टक्केवाली काच तर कुठल्याही निकालाच्या आणि कुठल्याही नियमाच्या बाहेर होती. पोलिसांनी धरलं नाही, हे आमचं नशीब.

अण्णांचं दुकान

फिल्म काढणं हे लावण्यापेक्षा अवघड काम. बाजूच्या काचांची फिल्म मी वाफेनं मऊ करून सावकाश सोलली, गोंद साबणाच्या पाण्यानं काढला. मागच्या काचेवर मात्र घाई केली. त्या काचेच्या आतून तपकिरी आडव्या रेघा असतात, त्या डिफॉगरच्या. त्यांच्यातून वीज जाते आणि काचेवरचं धुकं उडतं. गोंद निघेना म्हणून मी पातं चालवलं आणि दोन रेघा तुटल्या. पावसाळ्यात आता मागच्या काचेवर मध्येच धुक्याचा एक आडवा पट्टा राहतो. चोर्ला घाटातून गोव्याला जाताना तो माझ्याकडे बघत असतो.

शेवटी बाबा मला घेऊन फिल्म लावणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानातले अण्णा पंचवीस वर्षं हेच काम करतात. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कन्नड वळणाच्या मराठीत विचारलं, "तंगी, तूच लावलीस काय हे?" मी मान हलवली. "हरकत नाही. पहिली गाडी माझी पण अशीच झालती. फक्त ती गिऱ्हाइकाची होती."

मी आईचं सगळं सांगितलं. अण्णांनी यंत्र काढून काच मोजली. वरचा ७६ चा आकडा त्यांचाच. मग म्हणाले, "समोरच्या काचेला हात लावायचा नाही. ती लॅमिनेटेड आहे, अतिनील तिथंच थांबतंय. आणि तिथं ७० पाहिजे, फिल्म लावायला जागा कुठाय?" मी मनात गुणाकार केला. काच ७६ ची धरली तर तिच्यावर ९० टक्क्यांची, म्हणजे जवळजवळ पारदर्शक फिल्म लावली तरी ६८ होतात. अण्णांचं बरोबर होतं. मागच्या काचेलाही ७० चीच अट, म्हणून तीही सोडली. राहिल्या चार दारांच्या काचा. तिथे त्यांनी ७० टक्क्यांची फिल्म सुचवली. ती जवळजवळ रंगहीन होती, वेष्टनावर अतिनील किरण ९९ टक्के अडवते असं लिहिलं होतं आणि मानकाचा क्रमांकही होता. मी पर्समधून नोट काढली. अण्णांकडे छोटा अतिनील दिवा होताच. मध्ये फिल्म धरली आणि नोटेवरची चमक विझली.

"पण ही तर दिसतच नाही," बाबा म्हणाले.

"मग? तुम्हाला काळी काच पाहिजे की वहिनींना आराम पाहिजे?"

अण्णांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, आणि ती मला आवडली. "बिल देतो, फिल्मचा कागद देतो, मोजून ५० च्या वर आहे तेही लिहून देतो. पण उद्या कुठं अडवलं आणि साहेबानं ऐकलं नाही, तर ते तुमचं तुम्ही बघायचं. गाडी तुमच्या नावावर आहे." बाबांनी थोडा विचार केला आणि हो म्हणाले. आईच्या आजाराचे कागदही आम्ही आता गाडीत ठेवतो. त्यानं कायद्यातून सुटका होत नाही. फक्त आपण काय सांगतोय ते समोरच्याला नीट कळतं.

काम बंद खोलीत झालं. आधी जमिनीवर पाणी मारलं, म्हणजे धूळ बसली. पंखा बंद. दाराच्या आतल्या रबरी पट्टीला टेप लावली, म्हणजे तिथून धूळ आणि पाणी येणार नाही. मला जे करायला अख्खी दुपार लागली होती, ते अण्णांनी एका दाराला दहा-बारा मिनिटांत केलं. तीन दारं झाल्यावर त्यांनी मागच्या दाराची काच माझ्यासमोर केली. "आता तू लाव. तिथं कोण बसत नाही फारसं." मी लावली. दोन फुगे आले, एक पाण्याचा आणि एक धुळीचा. पाण्याचा गेला. धुळीचा अजून आहे, मागच्या डाव्या दाराला, खालच्या कोपऱ्यात.

मग काय करावं?

आता मूळ प्रश्नाकडे येते. माझं मत अनुभवावरून असं:

दारांच्या काचा लहान आणि बहुधा सपाट असतात. बंद, धूळ नसलेली जागा असेल, चांगल्या प्रतीची फिल्म असेल आणि एक-दोन फुगे चालणार असतील, तर त्या स्वतः लावता येतात. पहिल्यांदा लावणार असाल तर एका काचेपुरती फिल्म जास्तीची आणा.

वळलेली मागची काच आणि डिफॉगरच्या रेघा असलेली काच घरी करू नका. लावताना नाही, आणि काढताना तर मुळीच नाही.

कारण आजाराचं असेल, तर पैसे फिल्मवर खर्च करा आणि ती जाणत्या हाताकडून लावून घ्या. फुगा दिसायला वाईट एवढंच, पण चुकीची फिल्म अंगावर उठते.

दोन्ही वाटांनी गेलात तरी ही पाच कामं आधी करा. मोकळ्या काचेची पारदर्शकता मोजून घ्या. फिल्मच्या टक्केवारीनं गुणा. उत्तर दारांसाठी ५० च्या वर आहे ना ते पाहा. अतिनील किरण किती अडतात ते वेष्टनावर वाचा आणि नोट धरून बघा. बिल आणि फिल्मचा कागद जपून ठेवा. यातलं एकही काम मी पहिल्या वेळी केलं नव्हतं. साडेनऊशे रुपये रोल-सामानाला, ४,८०० अण्णांना, आणि दोन तुटलेल्या रेघा. चार हजार वाचवण्याचा माझा हिशेब असा पुरा झाला.

आणि शेवटचं, जे आईच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं. फिल्म कितीही चांगली असो, सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्या सोडायच्या नाहीत. काच खाली केली की फिल्मही खाली जाते.

जुलैच्या फेरीला आईनं पुन्हा हातमोजे घातले. मी म्हटलं, "अगं आता फिल्म चांगली आहे." ती म्हणाली, "असू दे. मागच्या वेळी पण तू असंच म्हणाली होतीस." बाबा आरशातून माझ्याकडे बघून हसले. हिरेबागेवाडीच्या नाक्यावर फास्टॅग पहिल्या झटक्यात लागला आणि आम्ही पुढे निघालो. आईचे चट्टे आता बरेच फिके झाले आहेत. परवा तिनं विचारलं, तुझ्या त्या अंकात माझं काही लिहिलंयस का? मी म्हटलं, काचेबद्दल लिहिलंय.